आधी शून्य ठरवा

आमच्या सरांना गोष्ट सांगता येत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. सांगतात, फक्त गोष्ट जिथे घडते तिथवर पोचत नाहीत. "परवा बँकेत काय झालं ठाऊक आहे?" इथून सुरुवात होते. मग ती बँक पूर्वी कुठल्या बोळात होती, त्या बोळात कोणाचा वाडा होता, वाड्यातल्या विहिरीला बहात्तरच्या दुष्काळात किती पाणी होतं आणि त्या पाण्यावरून दोन सख्ख्या भावांत कसं वाजलं. ऐकणाऱ्यानं घड्याळाकडे बघितलं की सर तळहात दाखवतात. "थांब. अजून प्री-एजच चाललीय."

प्री-एज म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसतं ते एवढ्यात चहा आणायला उठतात. आम्हा विद्यार्थ्यांना उठता येत नसे. आमचे प्रबंध त्यांच्या हातात होते.

सरांचा व्यवसाय म्हणजे क्ष-किरण शोषणाच्या आलेखांतून नको ते वजा करून देणं. विद्यापीठात कोणी नमुने बनवतो, कोणी मोजून आणतो, कोणी पेपर लिहितो, कोणी पेपरवर नुसतं नाव घालतो. या सगळ्यांच्या मधोमध एक माणूस लागतो जो आलेख धुऊन, पिळून, वाळत घालून देतो. लेखकांच्या यादीत तो बहुधा शेवटून दुसरा असतो. सर आयुष्यभर शेवटून दुसरे राहिले आणि त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "शेवटचा तो ज्याला ग्रँट मिळाली," ते म्हणत. "त्याच्या अलीकडचा तो ज्याला आलेख कळला."

आलेख असा असतो. पावडरीच्या दाबून केलेल्या वडीवर, जिला आम्ही पेलेट म्हणतो, क्ष-किरण सोडायचे आणि त्यांची ऊर्जा पायरीपायरीनं वाढवत न्यायची. ऊर्जा वाढते तसं शोषण उताराला लागतं, सावकाश आणि कंटाळवाणं. मग एका ठिकाणी एकदम उडी. लोखंडाची उडी ७११२ इलेक्ट्रॉन व्होल्टला, तांब्याची ८९७९ ला. अणूच्या अगदी माजघरात बसलेला इलेक्ट्रॉन तिथे उचलून बाहेर फेकला जातो. ही उडी म्हणजे एज, आणि तिच्या अलीकडचा तो कंटाळवाणा उतार म्हणजे प्री-एज. त्यानंतर आलेख पुन्हा उतरतो, पण सरळ नाही. थरथरत उतरतो, आणि त्या थरथरीतच सगळा माल असतो. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनाची लाट शेजारच्या अणूंवर आपटून परत येते, म्हणून ती थरथर. शेजारी कोण, किती जण, किती अंतरावर, सगळं त्यात लिहिलेलं. अडचण एवढीच की ती उडीच्या मानानं अगदी थोडकी असते, आणि उरलेला आलेख म्हणजे पेलेटमधले इतर अणू, चिकटपट्टी, वाटेतली हवा आणि डिटेक्टरचा स्वभाव. मांडवात बँड वाजत असताना कोपऱ्यातल्या आजी सुनेबद्दल काय पुटपुटतात ते ऐकायचं, त्यातली गत.

ही थरथर १९२० साली फ्रिके आणि हर्ट्झ यांना दिसली. क्रोनिगनं १९३१ मध्ये तिचा सिद्धान्त मांडला. मग ती लांबवरच्या रचनेतून येते की जवळच्या शेजाऱ्यांमुळे, यावर माणसं कित्येक दशकं भांडली. १९७१ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला सेयर्स, स्टर्न आणि लायटल या तिघांनी तिला फूरियेच्या गणितात घातलं, तेव्हा शेजाऱ्यांची अंतरं शिखरांसारखी सुटी होऊन समोर आली. यातले लायटल विमानांच्या बोइंग कंपनीत होते, याचं सरांना फार कौतुक. मात्र ही हकीकत सर फ्रिकेपासून सांगतात, आणि १९७१ येईपर्यंत कँटीन बंद होतं.

त्यांचा मंत्र एकच होता: "आधी शून्य ठरवा." एजच्या मागे, साधारण दीडशे ते तीस इलेक्ट्रॉन व्होल्ट अलीकडच्या पट्ट्यात, एक सरळ रेष बसवायची. ती पुढे लांबवून सगळ्या आलेखातून वजा करायची, की एजच्या अलीकडचं शोषण शून्यावर येतं. मग एजच्या बरंच पलीकडे दुसरी एक वळणदार रेघ बसवायची, ती मागे एजपर्यंत आणायची, आणि दोन्हींतलं अंतर म्हणजे उडीची उंची. त्या उंचीनं सगळ्या आलेखाला भागायचं. उडी झाली एक. पेलेट जाड असो की पातळ, त्यात तांबं चिमूटभर असो की चमचाभर, प्रत्येकाची उडी एकच. हे नॉर्मलाइज करणं. "आधी शून्य, मग एक," सर म्हणत. "माणसामाणसांतले भेद त्यानंतर बोलायचे."

इथवर विज्ञान. पुढचा उपद्रव घरचा.

एका दिवाळीत सरांच्या शेजारच्या वहिनींनी फराळाचं ताट पाठवलं. ताट आलं तेव्हा मी तिथेच होते, एका प्रकरणाची दुरुस्ती घेऊन. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, वहिनींची एक चकली आणि स्वतःची एक अशा सरांसमोर ठेवल्या आणि सहज विचारावं तसं विचारलं, "कशी आहे हो त्यांची?" संसाराची पस्तीस वर्षं झालेल्या कुठल्याही पुरुषाला या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं. सरांनी पाण्याचा घोट घेऊन तोंड शून्यावर आणलं. दोन्ही चकल्या चाखल्या. मग फुटपट्टी मागितली.

"त्यांची जाड आहे," सर म्हणाले, "म्हणून जास्त खमंग लागते. जाडीनं भागलं तर दोन्ही सारख्याच."

"सारख्याच?"

"भागल्यावर सारख्याच येणार. तेच तर भागण्याचं प्रयोजन. फरक असेल तर तो नंतरच्या कुरकुरीत."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. नंतरची कुरकुर आम्हाला बाहेर स्पष्ट ऐकू येत होती आणि तिच्यात फरक भरपूर होता. सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बघ, सिग्नल चांगला आहे."

सोसायटीच्या मीटिंगचा वृत्तान्त लिहायचं काम एकदा चुकून त्यांच्याकडे आलं. मीटिंग अडीच तास चालली. दर वक्त्याची प्री-एज असते: "मी या सोसायटीत पहिल्या दिवसापासून राहतो," "मला कोणाचं नाव घ्यायचं नाही," "विषय छोटा आहे पण." सरांनी ती काढून टाकली. मग आवाजाची उंची काढली, कारण काही सभासद मुळातच मोठ्यानं बोलतात. त्या उंचीनं भागलं. उरलं ते त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहून सेक्रेटरींना दिलं: "टाकी गळते. पैसे नाहीत." सेक्रेटरी म्हणाले, सर, अध्यक्षांचं मनोगत कुठे आहे? सर म्हणाले, ते बॅकग्राउंडमध्ये गेलं. पुन्हा हे काम त्यांना कोणी सांगितलं नाही.

लोकांना वाटायचं, सरांना सगळंच उडवायची हौस आहे. ते खरं नव्हतं, आणि हे मला इंदूरला कळलं.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचं वर्तुळ आहे. १७२.५ मीटर परिघाचं. त्यात अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरत असतात आणि वळणावर क्ष-किरण सांडतात. सांडलेले किरण ज्या नळ्यांतून बाहेर घेतात त्या बीमलाइन. त्यांतल्या दोन, आठ आणि नऊ नंबरच्या, आमच्या जातीच्या मोजणीसाठी. बीमटाइम मिळणं म्हणजे मंगल कार्यालय मिळण्यासारखं: तारीख त्यांची, धावपळ आपली. बीम रात्रंदिवस चालतो, तेव्हा माणसंही चालतात. आम्ही माझे कॉपर ऑक्साइडाचे पेलेट डब्यात भरून गेलो. सरांनी वाटेत पुरणाच्या पोळ्यांपेक्षा तो डबा जास्त जपला.

होळकरांच्या गावात मराठी अजून कानावर पडते, पण पोह्यांनी मात्र तिथे वेगळा संसार मांडलाय. पोहे वाफवलेले, वर शेव, वर जिरावन मसाला, आणि शेजारी जिलबी. रात्रपाळी संपवून सकाळी आम्ही गाड्यावर उभे राहिलो. मी जिरावन घालणार तोच सरांनी मनगट धरलं. "आधी नुसते खा. शून्य ठरव." मी नुसते खाल्ले. "आता जिरावन." घातलं. "आता जिलबी. हं! ही एज." गाडीवाला आमच्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती मी पुढे बऱ्याच परीक्षकांच्या डोळ्यांत पाहिली.

त्याच दौऱ्यात मी शोध लावला.

माझा नमुना कॉपर ऑक्साइड होता, निदान बाटलीवर तसं लिहिलं होतं. पहाटे सर डुलकी घेत असताना मी आलेख अथेनात घातला. अथेना हा या कामाचा फुकट मिळणारा प्रोग्राम, ब्रूस रॅव्हेल आणि मॅथ्यू न्यूव्हिल यांचा. तिच्याबरोबर आर्टेमिस आणि हेफेस्टस अशी आणखी ग्रीक मंडळी येतात. सर तिला अथेनाबाई म्हणत आणि उघडण्याआधी हात धुत. बाईंच्या पडद्यावर एक चौकट असते, आर-बीकेजी नावाची. तिच्यात आपण होऊन एकचा आकडा असतो, म्हणजे एक अँगस्ट्रॉम. तो वाढवला की एजनंतर आलेखातून काढायची वळणदार रेघ आणखी लवचीक होते, आणखी बारकाव्यानं आलेखाला बिलगते. मला माझ्या आलेखातली खडबड आवडत नव्हती. मी एकचा दीड केला. बरं दिसलं. पावणेदोन केला. आणखी बरं. दोन केल्यावर आलेख असा देखणा झाला की मला भरून आलं. फूरियेच्या चित्रात एकच शिखर उरलं होतं, ठसठशीत, अडीच अँगस्ट्रॉमच्या आसपास. पुस्तक उघडलं: तांब्याच्या धातूत तांब्याचा शेजारी २.५६ अँगस्ट्रॉमवर. माझं ऑक्साइड आपोआप धातू झालं होतं! ऑक्सिजन कुठेच नव्हता. मी मनातल्या मनात पेपरचं शीर्षकसुद्धा लिहिलं.

सरांना उठवलं. त्यांनी चष्मा लावला, चित्र बघितलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऑक्सिजन कुठे गेला?"

"नाहीये, सर. तेच तर."

"नाहीये कसा? तू खाल्लास."

त्यांनी दोनचा पुन्हा एक केला. खडबड परत आली आणि तिच्याबरोबर, दीड अँगस्ट्रॉमच्या जवळ, ऑक्सिजनचं भलंमोठं शिखर आलं, जणू दाराबाहेर उभं होतं आणि कडी काढायची वाट बघत होतं. खरं अंतर १.९५ च्या घरातलं. पण इलेक्ट्रॉनाची लाट जाता येता थोडी सरकते, म्हणून या चित्रात प्रत्येक शेजारी आहे त्याहून जवळ दिसतो. माझं ते अडीचचं शिखरसुद्धा खऱ्या २.५६ चं नव्हतं. पलीकडे राहणारं ऑक्साइडातलंच तांबं अलीकडे सरकून बसलं होतं. म्हणजे एक शेजारी मी गिळला होता आणि दुसऱ्याचं घर चुकीचं वाचलं होतं. त्यात भर म्हणजे आलेखाची एज धातूच्या एजच्या काही इलेक्ट्रॉन व्होल्ट पलीकडे होती, दोन इलेक्ट्रॉन दिलेल्या तांब्याची असावी तशी. "एज ओरडून सांगतेय की मी ऑक्साइड आहे," सर म्हणाले, "आणि तू तिच्या घरातली माणसं बाहेर काढून तिला धातू म्हणतेस."

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मला प्री-एजशिवाय काहीतरी सांगितलं. आपण जी रेघ वजा करतो ती कशाची असते? शेजारीच नसलेल्या एकट्या अणूची. एकटा अणू या पेलेटमध्ये कोणी पाहिलेला नाही. आपण तो कल्पनेनं काढतो. मग ती कल्पना किती ताणायची याला काहीतरी धरबंध हवा. तो धरबंध म्हणजे एकचा आकडा. एक अँगस्ट्रॉमच्या आत कोणी जड अणू दुसऱ्याला बिऱ्हाड करू देत नाही. तेव्हा तिथे दिसेल ते बिनधास्त काढ. पलीकडे दिसतं ते शेजारी असू शकतात; त्यांच्या दारात झाडू घेऊन जायचं नाही. व्हॅनेडियमसारखी काही मंडळी ऑक्सिजनला १.६ इतकं जवळ घेतात, तिथे तर हात आणखी आखडता घ्यायचा. "देखणा आलेख," सर म्हणाले, "म्हणजे बहुतेक वेळा कोणीतरी मेलेलं असतं."

मी दिवसभर सरांशी नजर भिडवली नाही. दुपारी त्यांनी न बोलता आणखी एक प्लेट पोहे आणले, जिरावनसकट.

सरांची एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची, दोरा लावलेली. तिच्यात आलेख नव्हते; आलेखांतून काढलेल्या गोष्टी होत्या. कुठल्या नमुन्याचा प्री-एज पट्टा कुठून कुठे, ई-नॉट कुठे धरला, कुठला बिंदू ग्लिच म्हणून उडवला आणि का. ग्लिच म्हणजे किरणांची ऊर्जा निवडून देणाऱ्या मोनोक्रोमेटरच्या स्फटिकाची खोडी: मध्येच एखादा बिंदू चुकल्यासारखा वर किंवा खाली उडतो. तो पुसायची परवानगी असते, पण सर वहीत नोंद केल्याशिवाय पुसत नसत. ई-नॉटवरून, म्हणजे एज नेमकी कुठे सुरू झाली म्हणायचं यावरून, त्यांची माणसांशी भांडणं झालेली. उतार जिथे सर्वांत तीव्र तिथे धरा, असा सर्वसाधारण रिवाज. काही जण अर्ध्या उंचीला धरतात. सर म्हणत, कुठेही धरा, पण सगळ्या नमुन्यांना एकाच जागी धरा. लग्नाचा मुहूर्त दहा पस्तीसचा की दहा छत्तीसचा यावरून अडणाऱ्या मामांपेक्षा ते या बाबतीत समजूतदार होते. मात्र तो मुहूर्त वहीत लिहून ठेवला नाही तर लग्न लागलं असं ते मानत नसत.

म्हणूनच पेपरमध्ये "आलेखांवर प्रमाण पद्धतीनं प्रक्रिया केली" एवढंच एक वाक्य दिसलं की त्यांचा पारा चढे. "प्रमाण पद्धत! स्वयंपाक प्रमाण पद्धतीनं केला म्हणे! मीठ किती?" उडीनंतरचा भाग सपाट करून दाखवायचं एक बटण अथेनाबाईंकडे आहे. त्याला सरांचा विरोध नव्हता. फोटोला पावडर लावावी, म्हणत. बरोबर किती उंच आहात ते मोजायला मात्र चपला काढून या.

मला वाटतं काकूंना ही वही ठाऊक होती. कारण चकलीनंतरच्या दिवाळीत त्यांनी फराळाच्या ताटाशेजारी फुटपट्टी आणि निळं पेन, दोन्ही ठेवलं होतं. सरांनी दोन्हींकडे बघितलं आणि चकली मुकाट्यानं खाल्ली. नोंद केली असेल तर आम्हाला दाखवली नाही.

आता सर निवृत्त आहेत. मी नाशकात एका कॉलेजात शिकवते, आणि माझ्याकडेही मुलं आलेख घेऊन येतात. एकच्या जागी दोन घातलेला आलेख मला दारातूनच ओळखू येतो, कारण तो आणणारं मूल खुशीत असतं. मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला सरांचा फोन आला. "अगं, तुला एक महत्त्वाचं सांगायचंय. वहीबद्दल." माझ्या पोटात गोळा आला, वाटलं, वही मला देणार. "पण त्याआधी," सर म्हणाले, "ती वही मी घेतली ते दुकान तुला माहीत नसेल. त्या दुकानाच्या मालकाचे वडील मूळचे देवासचे..." मी खुर्चीत नीट बसले. देवासहून ते कुटुंब खाली कसं आलं, वाटेत कोणाला टायफॉइड झाला, कागदाच्या टंचाईत त्यांनी पुठ्ठा कुठून मिळवला. पाऊण तासानं सरांचा आवाज किंचित चढला. मला इतक्या वर्षांची सवय, मी ओळखलं, आता उडी येणार. आणि माझ्या फोनची बॅटरी संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच लावला. म्हटलं, सर, काल तुम्ही पुठ्ठ्यापर्यंत आला होता.

"छे छे," सर म्हणाले. "स्कॅन मध्येच तुटला की पहिल्यापासून घ्यायचा. शून्य हललेलं असतं. तर, देवासला..."